विश्लेषण : मृत्यू ५६, पळाले लाखो… सुरतच्या प्लेगमध्ये रोगापेक्षा घबराट महाग का पडली?

सप्टेंबर १९९४ चा तिसरा आठवडा. सुरतच्या रेल्वे स्थानकावर आणि बस आगारात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर, यंत्रमागावरचे कामगार, छोटे दुकानदार बायकामुलांना घेऊन मिळेल त्या गाडीने शहर सोडत होते. औषध दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपल्या होत्या. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली होती. ज्यांच्याकडे धीर मागायला जायचे, त्या डॉक्टरांपैकीही अनेक जण बाहेर पडले होते.

शहरात प्लेग आला होता. तोही फुप्फुसाचा, म्हणजे खोकल्यातून पसरणारा.

काही आठवड्यांनी साथ ओसरली आणि हिशेब मांडला गेला, तेव्हा देशभरातील मृत्यूंचा आकडा ५६ होता. त्याच काळात भारतात क्षयरोगाने दिवसाला हजाराहून अधिक लोक दगावत असल्याचा अंदाज होता, पण त्यासाठी कोणी शहर सोडले नव्हते, की कोणत्या देशाने विमाने थांबवली नव्हती. प्लेगच्या घबराटीने मात्र भारताचे सुमारे १७० ते २०० कोटी डॉलरचे नुकसान केले. कोणत्याही नव्या विषाणूचे नाव मोबाइलवर झळकले की व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशांचा पाऊस सुरू होतो आणि सरकारे घाईघाईने आदेश काढू लागतात. हे असे का होते, हे समजून घ्यायला सुरतइतके चांगले उदाहरण आपल्या जवळपास दुसरे नाही.

साथीची सुरुवात कुठे झाली?

प्लेग म्हटले की सुरत आठवते. पण पहिली बातमी महाराष्ट्रातून आली होती. बीड जिल्ह्यातील मामला या गावात ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि महिनाअखेरीस काखेत, जांघेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. जुन्या लोकांना यातले प्रत्येक लक्षण ओळखीचे होते. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द कानावर आले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, ही आजी-आजोबांच्या पिढीची सवय. पण १९६६ नंतर देशात प्लेगच्या रुग्णाची खात्रीलायक नोंद झाली नव्हती. जवळपास तीन दशकांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी प्लेगचा एकही रुग्ण न पाहता तयार झाली होती.

वर्षभरापूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला होता. त्या हादऱ्याने रानातल्या उंदरांची वस्ती विस्कटली, पडक्या घरांत आणि साठवलेल्या धान्यात त्यांची पैदास वाढली, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. तो अंदाज आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे.

प्लेगचा जिवाणू एकच, यर्सिनिया पेस्टिस. पिसू चावून तो शरीरात गेला की गाठी येतात. हा गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला थेट होत नाही. जिवाणू फुप्फुसात पोहोचला तर मात्र रुग्णाच्या खोकल्यातले तुषार जवळच्या माणसाला बाधित करतात. फुप्फुसाच्या प्लेगवर पहिल्या एक-दोन दिवसांत प्रतिजैविके मिळाली नाहीत तर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य. वेळेत मिळाली तर रुग्ण बरा होतो, आणि ही औषधे स्वस्त व जुनी आहेत. म्हणजे सुरतकरांची भीती निराधार नव्हती. भीतीचे प्रमाण आणि दिशा चुकली.

सुरतमध्ये त्या आठवड्यात नेमके काय घडले?

त्या पावसाळ्यात तापीला पूर आला होता. वेड रोड, कतारगाम भागातल्या कामगार वस्त्यांमध्ये पाणी शिरले, ओसरले आणि मागे चिखल, कचरा व मेलेली जनावरे राहिली. १९९१ च्या जनगणनेनुसार सुमारे १५ लाख लोकसंख्येचे हे शहर हिरे, यंत्रमाग आणि जरीच्या जोरावर भरभर वाढले होते. पण निम्म्या शहराला गटारे कुठून जातात, हे महापालिकेलाही सांगता आले नसते, अशी अवस्था होती. कामगार बाहेरचे होते. सौराष्ट्रातले, ओडिशातले, उत्तर प्रदेशातले आणि मोठ्या संख्येने खान्देशातले. लिंबायत, उधना या भागांत आजही मराठी आणि अहिराणी सहज कानावर पडते.

२० सप्टेंबरनंतर ताप, खोकल्यातून रक्त आणि काही तासांत मृत्यू असे रुग्ण सरकारी रुग्णालयात येऊ लागले. बातमी फुटली आणि शहर रिकामे होऊ लागले. किती लोक गेले याचे अंदाज वेगवेगळे आहेत, तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत. खालचा आकडा धरला तरी दर पाच जणांतला एक. रुग्णालयात दाखल केलेले काही रुग्णही निघून गेले. मग पोलीस पहारा लागला.

कामगार पळाले याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. एका खोलीत आठ-दहा जण राहतात. कारखाना बंद, म्हणजे रोज बंद. ओळखीचा डॉक्टर दवाखान्यात नाही. सरकारकडून दिवसभरात तीन वेगवेगळी विधाने येतात. गावी मात्र घर आहे, माणसे आहेत. अशा वेळी सुरत-भुसावळ गाडी पकडणे हा हिशेबी निर्णय असतो. फक्त लाखो लोकांनी तोच हिशेब एकाच रात्री केला, तर साथ देशभर नेण्याचा याहून चांगला मार्ग सापडणार नाही.

मग सरकारी यंत्रणा जागी झाली आणि दुसऱ्या टोकाला गेली. शाळा, चित्रपटगृहे, बागा बंद. सुरतेहून येणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांची मुंबईत तपासणी, गोळ्यांचे वाटप. दूरवरच्या दिल्लीतही शाळा आणि चित्रपटगृहांना सुट्टी. डीडीटीची फवारणी, नाकावर रुमाल बांधलेले पोलीस. केबल टीव्ही तेव्हा नुकताच घरोघरी पोहोचू लागला होता आणि ही दृश्ये जगभर गेली.

टेट्रासायक्लिनचा खप हा वेगळाच प्रकार. हे औषध प्लेगवर चालते, हे खरे. पण प्रतिबंधक म्हणून ते रुग्णाच्या जवळच्या संपर्कात आलेल्यांनी घ्यायचे असते. दिल्ली-मुंबईत ज्यांचा सुरतशी दूरान्वयेही संबंध नव्हता, त्यांनी कॅप्सूल घरात साठवल्या. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या आणि २०२१ मध्ये रेमडेसिविरच्या शोधात फिरलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

आकडे काय सांगतात?

२६ ऑगस्ट ते १८ ऑक्टोबर १९९४ या काळात रक्तचाचणीत प्लेगची प्रतिपिंडे आढळलेले संशयित रुग्ण देशात ६९३ होते. त्यांची राज्यवार विभागणी पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्र ४८८, गुजरात ७७, दिल्ली ६८, कर्नाटक ४६, उत्तर प्रदेश १० आणि मध्य प्रदेश ४.

म्हणजे चाचणीच्या हिशेबाने दहापैकी सात संशयित महाराष्ट्रात. पण जगाच्या नकाशावर नाव गाजले ते सुरतचे. याचे एक कारण वैद्यकीय आहे. बीडमधला प्रकार प्रामुख्याने गाठीचा होता, सुरतेतला फुप्फुसाचा आणि झटपट मारणारा. दुसरे कारण असे की मामल्यात कॅमेरा नव्हता. सुरतच्या फलाटावर होता.

इथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवायला हवी. प्रतिपिंडे आढळणे म्हणजे रोगाची खात्री नव्हे. चाचणी जितक्या जास्त लोकांची, तितके चुकून ‘पॉझिटिव्ह’ येणारे जास्त. खात्रीसाठी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवावा लागतो आणि तेच काम सुरुवातीला नीट झाले नाही. त्यामुळे ‘हा प्लेगच नव्हता’ असा वाद बराच काळ चालला. कोणी मेलिऑइडोसिस म्हटले, कोणी हंता विषाणू. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने तो प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबीसह इतर संस्थांच्या जनुकीय अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला. पण तोपर्यंत सहा वर्षे गेली होती. निर्णय मात्र सहा दिवसांत घेतले गेले होते.

परदेशांनी काय केले?

आखाती देशांनी भारतातून येणारी विमाने थांबवली. काही देशांनी भारतीय अन्नपदार्थ आणि माल नाकारला. युरोपातील विमानतळांवर भारतातून उतरणाऱ्या विमानांत फवारणी झाली, प्रवाशांना वेगळे काढून तपासले गेले. काही ठिकाणी तर भारतीय वंशाच्या लोकांना परत जायला सांगण्यात आले, त्यात वर्षानुवर्षे भारतात पाऊलही न ठेवलेले लोक होते. जिवाणूने पासपोर्ट पाहिला नव्हता, अधिकाऱ्यांनी मात्र आडनाव पाहिले.

जागतिक आरोग्य संघटना तेव्हा सांगत होती की प्रवास किंवा व्यापारावर बंदीची गरज नाही. संघटनेचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा स्वतः ऑक्टोबरमध्ये भारतात आले. फारसा उपयोग झाला नाही. पर्यटनाचा हंगाम नुकताच सुरू होत होता, तो बुडाला. नुकसानीचा सर्वात जास्त उद्धृत होणारा अंदाज १७० कोटी डॉलरचा आहे, तेव्हाच्या दराने पाच हजार कोटी रुपयांहून अधिक.

आणि भारताबाहेर प्लेगचे किती रुग्ण सापडले? एकही नाही. अमेरिकेने विमाने बंद केली नाहीत. विमानतळांवर माहितीपत्रके दिली, डॉक्टरांना सावध केले आणि भारतातून आलेल्या आजारी प्रवाशांवर लक्ष ठेवले. तिथे १३ संशयित सापडले, त्यापैकी एकालाही प्लेग नव्हता. बंदी घालणाऱ्या देशांत रुग्ण शून्य, न घालणाऱ्या देशातही शून्य.

सरकारे असे का वागतात?

आगीची सूचना देणारी घंटा कधी वाजावी, हे ठरवताना अभियंत्यांपुढे नेहमी एक पेच असतो. ती फार संवेदनशील ठेवली तर उदबत्तीच्या धुरानेही वाजते. कमी ठेवली तर खरी आग लागूनही गप्प राहते. दोन्ही चुकांची किंमत मोजून मध्य काढला जातो. राजकारणात हा मध्य निघत नाही, कारण दोन चुकांची किंमत वेगवेगळ्या लोकांना मोजावी लागते. मंत्र्याने बंदी घातली नाही आणि एक रुग्ण आला, तर खुर्ची मंत्र्याची जाते. बंदी अनावश्यक होती, तर रोजगार यंत्रमाग कामगाराचा जातो, आणि तो मंत्र्याच्या नावावर लिहिला जात नाही.

त्यातही दिसणाऱ्या उपायाला जास्त भाव मिळतो. फवारणीचा टँकर, नाकाबंदी, हातात तापमापक घेतलेला पोलीस यांचा फोटो निघतो. संपर्कातल्या चाळीस लोकांची यादी करून रोज सकाळी त्यांच्या घरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेचा फोटो कोणी काढत नाही. साथ मात्र बहुतेक वेळा तिच्यामुळेच थांबते.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. अतिरेकाच्या आधी जवळजवळ नेहमी मौनाचा एक काळ असतो. ‘घाबरण्याचे कारण नाही’, ‘रुग्ण संशयित आहे’, ‘बाहेरून आलेला आहे’, अशी विधाने त्या काळातली. मौन आणि अतिरेक एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोन्हींमागची भीती एकच असते, ती म्हणजे बाहेरचे आपल्यावर बहिष्कार टाकतील. भारताच्या तीन वर्षे आधी पेरूने हा अनुभव घेतला होता. १९९१ मध्ये त्या देशाने पटकीची साथ जाहीर केली, इतर देशांनी त्याची मासळी आणि अन्नपदार्थ नाकारले आणि सुमारे ७७ कोटी डॉलर बुडाले. अशी उदाहरणे समोर असताना पुढचा देश खरे लवकर सांगेल, अशी अपेक्षा करणे जरा भाबडेपणाचे आहे.

हे १८९७ च्या पुण्यातही घडले होते का?

प्लेग आणि सरकारी बळजबरी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वॉल्टर रँड येतो. घरात शिरणारे गोरे सोल्जर, देवघरापर्यंत झडती, रस्त्यावर आणलेले सामान, बायकांची विटंबना आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या. ही कथा शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. पण रँडला एवढे अधिकार एवढ्या घाईने का मिळाले, हा भाग सहसा सांगितला जात नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सुरुवातीला अधिकाऱ्यांना ते मान्य करायचे नव्हते, कारण मुंबई हे साम्राज्याचे बंदर होते. मग युरोपातील देशांनी भारतीय जहाजे आणि माल अडवण्याची भाषा सुरू केली. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. ‘आम्ही कठोर पावले उचलत आहोत’ हे तिथे दाखवणे ब्रिटिश सरकारला भाग होते. साथरोग कायदा मंजूर झाला ४ फेब्रुवारी १८९७ रोजी. जेमतेम चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही, एवढेच त्यात होते. नागरिकाच्या हक्काविषयी एक ओळ नव्हती.

पुण्यात घरझडत्या १३ मार्चला सुरू झाल्या. गंमत अशी की ज्या उपायांसाठी एवढी जबरदस्ती झाली, त्यांचा शास्त्रीय पायाच कच्चा होता. प्लेग पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, म्हणजे पुढच्या वर्षी. तोवर भिंती धुणे, जमिनी खणणे, अंथरुणे जाळणे यावर भर होता. लोकांनी काय केले? रुग्ण लपवले, प्रेते लपवली आणि रात्रीतून शहर सोडले. म्हणजे जे टाळण्यासाठी झडत्या होत्या, नेमके तेच.

त्याच मार्चमध्ये, झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, सावित्रीबाई फुले यांचे प्लेगनेच निधन झाले. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांना आणत होत्या. त्या दवाखान्यात रुग्ण बंदुकीच्या धाकाने येत नव्हते.

रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, चापेकर बंधू फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली. नंतर सरकारने धोरण बरेच मवाळ केले. कायदा मात्र राहिला. मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तोच १८९७ चा कायदा कपाटातून बाहेर काढला.

घबराट न होता प्लेग आटोक्यात आल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते सहसा कोणाला आठवत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात शिमला जिल्ह्यातील हाटकोटी परिसरात फुप्फुसाचा प्लेग आला. सुरतेत होता तोच प्रकार. १६ रुग्ण, ४ मृत्यू. रुग्ण चंदिगडच्या पीजीआयमध्ये तपासले गेले, नमुने वेळेत प्रयोगशाळेत गेले, संपर्कातील लोक शोधून त्यांना औषध दिले गेले. साथ तिथेच थांबली.

दुर्गम डोंगराळ भाग आणि १५ लाखांचे शहर यांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. पण सुरतने दिलेला धडा यंत्रणेच्या लक्षात होता. चाचणी आधी, घोषणा नंतर, आणि औषध गरज असलेल्यांनाच.

सुरतनेही धडा घेतला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वॉर्डात उतरवले. ‘एसी ते डीसी’ हे त्यांचे सूत्र, म्हणजे वातानुकूलित केबिनमधून रोजच्या कामाकडे. (विजेचा करंट शिकलेल्यांना हा विनोद जास्त आवडेल.) गटारे साफ झाली, अतिक्रमणे हटली, हॉटेलांना स्वच्छतेसाठी दंड बसू लागला. १९९६ मध्ये इंटॅकच्या पाहणीत सुरत चंदिगडनंतर देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर संयुक्त पहिला क्रमांक. यासाठी साथरोग कायद्याचे एकही कलम लागले नाही.

मग २०२० मध्ये काय झाले?

१९९४ मध्ये सुरतच्या कामगारांना कोणी थांबवू शकले नाही. २०२० मध्ये त्यांना कोणी जाऊ दिले नाही. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्री ती लागू झाली. चार तासांचा अवधी. रेल्वे बंद, बस बंद, कारखाना बंद. १० एप्रिलच्या रात्री सुरतमध्ये परप्रांतीय कामगार घरी जाऊ द्या म्हणत रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेतले. २६ वर्षांत सरकारचा उपाय उलटा झाला होता, कामगाराची खोली मात्र तीच आठ-दहा जणांची होती.

करोना हा सुरतच्या प्लेगपेक्षा कितीतरी मोठा धोका होता. त्यामुळे टाळेबंदीच नको होती, असे म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही. प्रश्न चार तासांचा आहे. आणि त्या काळात झालेल्या इतर गोष्टींचा. उत्तर प्रदेशात बरेलीमध्ये गावी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारले गेले. महाराष्ट्रात विलगीकरणातील प्रवाशांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले. शिक्के दिसलेल्या प्रवाशांना सहप्रवाशांनी रेल्वेतून उतरवायला लावल्याच्या घटना घडल्या. अनेक शहरांत रुग्णांच्या दारावर फलक लागले. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्षम अधिकाऱ्याच्या ठोस आदेशाशिवाय असे फलक लावता येणार नाहीत. तोपर्यंत लोकांनी चाचणी टाळण्याचे कारण शोधून ठेवले होते. फलक लागतो ना, मग चाचणीच नको.

१८९७ मध्ये लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले. २०२० मध्ये ताप ‘साधा’ ठरवून क्रोसिन घेतली.

खरे सांगणाऱ्या देशाला आता संरक्षण आहे का?

सुरतच्या वेळी जे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम होते, ते १९६९ चे. त्यात प्लेग, पटकी आणि पीतज्वर यांची माहिती देणे बंधनकारक होते, पण माहिती देणाऱ्याला होणाऱ्या शिक्षेवर परिणामकारक इलाज नव्हता. सुरत, मग २००३ चा सार्स यातून शहाणे होऊन २००५ मध्ये नवे नियम आले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. त्यांच्या ४३ व्या कलमानुसार एखाद्या देशाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यापेक्षा कडक बंदी घातली, तर तिला शास्त्रीय आधार हवा. प्रवास किंवा व्यापारात मोठा अडथळा येत असेल तर ४८ तासांत कारण कळवायला हवे.

या कलमाची मोठी परीक्षा २०२१ मध्ये झाली. २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोनाचा एक नवा प्रकार सापडल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. दोन दिवसांनी त्याचे नाव ओमायक्रॉन ठेवले गेले. पण नामकरण होण्याआधीच ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेसह सहा देशांतील विमानांवर निर्बंध जाहीर केले होते आणि पाठोपाठ कितीतरी देशांनी तेच केले. उत्तम प्रयोगशाळा असल्याची आणि प्रामाणिकपणाची ही शिक्षा आहे, अशी तक्रार दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने उघडपणे केली.

३० नोव्हेंबरला नेदरलँड्सने जुने नमुने पुन्हा तपासल्याचे जाहीर केले. १९ आणि २३ नोव्हेंबरला त्या देशात घेतलेल्या नमुन्यांत ओमायक्रॉन होता. दक्षिण आफ्रिकेने जगाला सावध करण्याच्या आधीच तो युरोपात पोहोचलेला होता. महाराष्ट्रात पहिला रुग्ण ४ डिसेंबरला कल्याण-डोंबिवलीत जाहीर झाला. तो दक्षिण आफ्रिकेतून निघून दुबई आणि दिल्लीमार्गे आलेला प्रवासी होता. थेट विमान थांबवून त्याला थांबवता आले नसते.

दक्षिण आफ्रिकेवरील बहुतेक निर्बंध पुढच्या काही आठवड्यांत एकेक करून उठले. ४३ वे कलम मोडणाऱ्या देशासाठी त्या नियमांत दंडाची तरतूद नव्हती. बंदीमुळे बुडालेल्या देशासाठी भरपाईचीही नव्हती.